काठाला कुठला रंग

रेवतीचे केस टायफॉइडनंतर मुठीनं गळायला लागले
तेव्हा मोबाईलवरून आली ती रोजमेरी.
खोक्यातून. मुळाशी ओला कागद, भोवती काळी पिशवी.
पानं उकळायची, पाणी गार करायचं, डोक्यात मुरवायचं.
घरभर वास. देवळाचाही नाही, दवाखान्याचाही नाही,
दोन्हींच्या मधल्या वाटेवरचा.

आमच्या वडगावच्या गल्लीत
मागांची खटखट थांबते ती वीज गेली की.
तशी ती गेली, आणि मी गच्चीवर गेलो.
तुळशीशेजारी, तेलाच्या डब्यात लावलेली ती,
आणि तिच्या शेंड्यांवर
कुणी टिकल्या चिकटवून ठेवाव्यात तसे
सात की आठ भुंगेरे.

हिरवे. पण नुसते हिरवे नव्हेत.
मान वळवली की जांभळा चढायचा,
परत वळवली की तांब्याची तार.
चाळीस वर्षं मी ताण्याला एक रंग, बाण्याला दुसरा घालून
हेच करायला बघतोय.
धूपछाव. गिऱ्हाईक उन्हात नेऊन बघतं
आणि भाव पाडून मागतं.
यांच्या पाठीवर तर पट्टेही सरळ,
एक धागा तुटलेला नाही.

बोट लावलं की पाय आखडून खाली पडतो,
मेल्याचं सोंग.
उडत नाही. पंख असून.
आणि झाड? सूत संपलेल्या कांडीसारखं,
करडं, उघडं.

कडोलीचा बसवंत औषधांच्या दुकानात असतो.
त्याला काडेपेटीतून नेऊन दाखवला.
त्यानं फोटो काढला, कुणाकुणाला पाठवला,
चार वाजता निकाल सांगितला,
"मामा, ह्यो हितला न्हवं. बाहेरनं आलाय."
दुकानात तिघं उभे होते.
तिघंही एकदम फळ्याकडं बघायला लागले.
फळ्यावर युरियाचा भाव होता, बाकी काही नाही.
आमच्याकडं तो शब्द कुणीही कुणाला म्हटला
तरी माणूस आधी आपलंच आडनाव चाचपतो.

"आणि रोजमेरी?" मी विचारलं.
"ती बी बाहेरचीच."
"आणि तू?"
"मी कडोलीचा," म्हणाला, आणि सुटे पैसे मोजून दिले.

मल्लव्वा कठड्यावरून वाकल्या.
"एष्ट चंद ऐती!"
आणि लगेच मराठीत,
"मारून टाका हो, माझ्या पुदिन्यावर येतील."
दोन्ही भाषांत त्या खरंच बोलतात.

साबणाचं पाणी, पोचे आलेला तांब्या.
रोज वीज गेली की वर.
झाडाखाली जुना पेपर पसरायचा, फांदी हलवायची,
टप, टप.
पहिल्या दिवशी तेवीस. मग अकरा. मग परत एकोणीस.
पाण्यात रात्रभर पडूनही त्यांचा रंग सुटला नाही.
मी मुद्दाम बघितलं.
माझा जांभळा दुसऱ्या धुण्याला बादली रंगवतो.

एक ठेवला. काडेपेटीत, दोन पानांसकट,
मागाच्या डाव्या हाताला.
धारवाडच्या बाईंच्या साडीला काठ लावायचा होता,
त्यांनी म्हटलं होतं, तुमच्या मनानं लावा.
मी त्याला बघून हिरवा घेतला, मग जांभळा,
मग तांब्यासाठी दोन दुकानं फिरलो.
चार बोटं काठ झाला. जवळ आलाय. तोच नाही.

शुक्रवारी काडेपेटी उघडी होती, पानं संपलेली.
धोटा उचलला, फणीत बघितलं, गुंडाळलेल्या साडीत बघितलं.
काठावर असता तर दिसला असता का,
सांगता येत नाही.

वरून रेवती ओरडली,
"आप्पा, फुटवा आलाय!"
त्यावर कुणी बसलंय का
हे विचारायला तोंड उघडलं,
आणि वीज आली,
सगळी गल्ली एकदम खटखटायला लागली.